पोळ्या लाटणारीनं पोळी सोडली तेव्हा

वैशू, जरा सरक इकडे. तू तिकडे घोडबंदर रोडला एकविसाव्या मजल्यावर आणि मी इकडे ठाकुर्लीत, पण समज की माझ्या ओट्याशेजारच्या स्टुलावर येऊन बसली आहेस. फोन खाली ठेव आणि ऐक. परवा व्हिडिओ कॉलवर केवढ्या अभिमानानं सांगितलंस, "मामी, चाळीस दिवस झाले, पोळी नाही, भात नाही. गाल बघ कसे आत गेलेत!" आणि समोर डबा कसला, तर काकडीचे काप आणि काळी कॉफी. अगं, याला जेवण म्हणतात होय? तुला रागवायचा हक्क आहे मला. लहानपणी तुझ्या डोक्यातल्या उवा मीच काढल्यात.

तुला मी तेव्हाच सगळं सांगणार होते, पण मागे कुकरची शिट्टी आणि तुझी मीटिंग. म्हणून लिहायला घेतलं. मी शाळा शिकले सातवीपर्यंत, बाकीचं शिक्षण डब्याच्या चिठ्ठ्या आणि वर्तमानपत्राचे रद्दी कागद वाचून झालं. तेव्हा चुका काढू नकोस. वाचून झालं की मैत्रिणींनाही दे. तुमच्या त्या टॉवरमध्ये काकडीवाल्या तू एकटीच नसशील.

साखर निघाली तो दिवस

गेल्या वर्षी जूनमध्ये मला सारखी तहान लागायला लागली. आमच्या सूनबाईनं, प्राचीनं, जबरदस्तीनं रक्त तपासायला नेलं. रिपोर्ट आला, साखर आहे. आता पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या बाईला साखर निघणं म्हणजे काय ते तुला कळणार नाही. सव्वीस वर्षं मी आणि माझ्याबरोबरची कुंदा, आम्ही दोघी रोज पोळ्यांचे ढीग घालतो. माझा सगळा जन्म त्या कणकेत. डॉक्टरीणबाई मात्र अगदी शांत होत्या. म्हणाल्या, "घाबरू नका. चार पोळ्यांच्या दोन करा, भात वाटीभर, डाळ-उसळ-मासे वाढवा, रोज चाला, ही एक गोळी घ्या आणि महिन्यानं या."

साधं सांगितलं होतं बाईंनी. इतकं साधं की माझा विश्वासच बसला नाही.

घरी येताना रिक्षात मी रडले. प्राची म्हणाली, "आई, अहो, अर्ध्या बिल्डिंगला आहे." मी म्हटलं, "असू दे, मला नव्हती ना!" आता हसू येतं, पण त्या दिवशी खरंच वाटलं की आपला एक दरवाजा बंद झाला.

नेम

आमच्या गार्डनमध्ये सकाळी बायकांचा ग्रुप असतो. हसायचं, टाळ्या वाजवायच्या आणि नंतर खरं काम, म्हणजे गप्पा. त्यात एकीनं लो-कार्बचं सांगितलं. पोळी-भात-बटाटा पूर्ण बंद करायचं. साखर तर उतरतेच, वर चेहरा दहा वर्षांनी लहान होतो, कातडी ताठ होते आणि केस मुळापासून काळे उगवतात! व्हिडिओसुद्धा दाखवला. त्यात एक बाई आधी माझ्यासारखी होती आणि नंतर तुझ्यासारखी.

खरं सांगते, वैशू, साखर राहिली बाजूला. माझं मन अडकलं त्या चेहऱ्यात. त्याच आठवड्यात एका नव्या गिऱ्हाइकानं मला "आजी, चार पोळ्या" म्हटलं होतं. त्याच्याच डोक्यावर पांढरे केस होते गं! माझ्या केसांचा मला किती गर्व होता ते तुला माहीत आहे. चौसष्टाव्या वर्षी कमरेपर्यंत शेपटा. तुझ्या लग्नात त्या पार्लरवालीनं ओढून बघितला होता, खरा आहे का म्हणून.

लगेच आषाढी एकादशी आली. राजापूरकडे आमच्या घरात चातुर्मासाचा नेम धरायची रीत आहे. चार महिने प्रत्येकानं काहीतरी सोडायचं. सासूबाई दरवर्षी वांगं सोडायच्या. त्यांना वांगं मुळातच आवडत नव्हतं, पण ते असो. मी देवघरासमोर बसले, तळहातावर पाणी घेतलं आणि सोडलं, "कार्तिकीपर्यंत पोळी, भात, भाकरी वर्ज्य."

इथेच चुकले बघ मी. पथ्य असतं ते माणसाला बदलता येतं. आज दोनाऐवजी अडीच पोळ्या खाल्ल्या तर कोण विचारणार? पण नेम मोडता येत नाही. मी डाएटला देवघरात नेऊन बसवलं आणि बाहेर काढायची वाट बंद करून टाकली.

वजाबाकीवर वजाबाकी

पहिले तीन आठवडे मजेत गेले. मासे होते, अंडी होती. साखर उतरली, ब्लाउज सैल झाले. प्राची म्हणाली, "आई, डॉक्टरांना सांगितलंत ना? गोळी चालू आहे तुमची." मी म्हटलं, "देवाचं डॉक्टरांना कशाला सांगायचं?" आणि महिन्यानं जायचं होतं, ते गेलेच नाही.

मग आला श्रावण. आमच्याकडे श्रावण लागला की थेट गणपती जाईपर्यंत मासे-अंडी बंद. म्हणजे पोळी-भात नेमात गेले, मासे श्रावणात गेले. उरलं काय? डाळ मला एकटीसाठी वाढून घ्यायचा कंटाळा, भाताशिवाय ती उतरायची नाही. सोमवारचा उपास, त्यात साबुदाणा चालत नाही कारण तो लो-कार्ब नाही! मग सोमवारी ताक आणि काकडी. मंगळवारी उरलेली काकडी.

गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी. हातांनी एवढे मोदक वळले, एक तोंडात नाही. कुंदा माझ्याकडे बघत बसायची. ती कल्याणची, बौद्ध घरातली, तोंडानं फटकळ. म्हणाली, "ताई, आमचा पण वर्षावास चालू आहे. आम्ही पण रोज विहारात जाऊन बसतो. पण जेवून!"

आरसा आणि पिशवी

गणपती गेले आणि एका सकाळी विंचरताना कंगव्यात पुंजका आला. मी म्हटलं, असेल. दुसऱ्या दिवशी दोन पुंजके. मग उशीवर, मोरीत, पदरावर. वैशू, केस लबाड असतात बरं का. उपाशी ठेवलंस त्या महिन्यात काही बोलत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी हिशोब विचारायला येतात, तोवर आपण विसरलेलो असतो. म्हणून म्हणते, आज तुझे गळत नाहीत यावर हसू नकोस.

आमच्या लहानपणी बायका गळलेले केस जपून ठेवायच्या, त्याचं गंगावन करायचं आणि विरळ अंबाड्यात घालायचं. मीही एका प्लास्टिकच्या पिशवीत साठवायला लागले. म्हटलं, आपलेच आपल्याला होतील. कपाटात साड्यांमागे लपवली. पंधरवड्यात ती पिशवी एवढी फुगली की एक दिवस प्राचीनं दार उघडलं आणि किंचाळली. तिला वाटलं मांजर शिरलं.

"आई, हे काय आहे?"

"गंगावनाचं सामान."

"अहो, हे पूर्ण डोकं आहे!"

त्यावर मी तिला नको ते बोलले. तुम्हा लोकांना दुसऱ्याच्या कपाटात हात घालायची सवयच आहे, वगैरे. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिनं कुकर इतक्या जोरात बंद केला की मला कळलं. चार दिवस आम्ही दोघी मिठापुरतं बोललो.

आणि चेहरा? गाल आत गेले, पण तुझे गेलेत तसे नाहीत. माझे गेले ते हवा काढल्यासारखे. डोळ्यांखाली खड्डे, गळ्याला झालर. चौसष्टची होते ती पंचाहत्तरची दिसायला लागले. "आजी" म्हणणारा तो माणूस परत आला आणि या वेळी त्यानं पिशवीसुद्धा स्वतः उचलली.

प्रधानकाकांची पुडी

आमचे एक जुने गिऱ्हाईक आहेत, प्रधानकाका. एकटे असतात. रोज तीन पोळ्या, भाजी, ठरलेली वेळ. एक दिवस दुपारी, गर्दी नसताना आले आणि कागदाची छोटी पुडी माझ्यासमोर ठेवली.

"वहिनी, हे पोळीत होतं."

उघडली तर लांबलचक केस. माझाच. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. पोळी-भाजी केंद्राचं नाव असतं तरी कशावर? आज यांनी सांगितलं, उद्या बिल्डिंग सांगेल.

मी म्हटलं, "काका, माफ करा. पैसे—"

"छे, छे. तक्रार घेऊन नाही आलो." त्यांनी पुडी परत दुमडली. "हिचेही असेच जायचे, आजारपणात. तुम्ही दाखवलंत का कुणाला?"

त्यांची बायको कशानं गेली ते आख्ख्या ठाकुर्लीला माहीत होतं. कॅन्सर. तो शब्द त्यांनी उच्चारला नाही, पण मला तो ऐकू आला. ते गेल्यावर मी कुंदाला म्हटलं, "उद्यापासून तू तव्यावर, मी गल्ल्यावर." डोक्याला दोन रुमाल बांधले, वर पदर. मनात ठरवूनच टाकलं की आपल्याला तेच झालंय. आणि गंमत बघ, तरी डॉक्टरकडे गेले नाही. म्हटलं कार्तिकीला नेम पुरा होऊ दे, मग जे असेल ते असेल. नेम मोडला आणि खरंच काही निघालं, तर देव म्हणेल, बघ, मोडलास ना!

भीती माणसाला किती येडं करते ते लिहून ठेवतेय. मला तेव्हा हे कुणी म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

अकरा वाजता

नवरात्रातली सकाळ. डब्यांची घाई. मी उपाशी, गोळी मात्र वेळेवर घेतलेली. गल्ल्यावर बसल्या बसल्या घाम फुटला, हात थरथरायला लागले, समोरचे डबे दोनाचे चार दिसले. मी कुंदाला हाक मारली म्हणे. मला आठवतं ते फक्त तिचं पीठ लागलेलं बोट आणि वाटीतलं साखरपाणी.

"प्या, ताई."

"नाही गं... नेम आहे."

"खड्ड्यात गेला नेम! प्या आधी!"

अर्धं पाणी माझ्या पोटात, अर्धं ब्लाउजवर. दहा मिनिटांत डोळे उघडले. समोर आमचे हे, म्हणजे तुझे मामा, बनियनवरच धावत आलेले. रिक्षात घालून मला डोंबिवलीला हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टरीणबाई तिथे बघायला आल्या. मी काय काय सोडलं ते प्राचीनं बोटं मोजून सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला. "आजी, मी गोळी दिली ती तुम्ही जेवता असं धरून दिली होती. तुम्ही जेवण बंद केलंत आणि गोळी चालू ठेवलीत. साखर जमिनीला लागली."

बाईंनी आजी म्हटलं, ते मी गुपचूप ऐकून घेतलं.

मग मी धीर करून सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि रुमाल सोडला. म्हटलं, "बाई, खरं सांगा. कॅन्सर आहे का?"

त्यांनी केस बघितले, चिमटीत धरून हलकेच ओढले, नखं बघितली, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. "रक्ताचे रिपोर्ट येऊ देत, पण मला भुकेचे केस दिसताहेत," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आले. लोह कमी, प्रोटीन कमी, बाकी सगळं ठीक. मी त्यांना तीनदा विचारलं, "बाकी सगळं म्हणजे सगळं?" त्या म्हणाल्या, "सगळं."

मी त्या पलंगावर इतकी हसले की शेजारच्या पलंगावरच्या बाईनं सिस्टरला बोलावलं.

वॉर्डातले दोन दिवस

हॉस्पिटलात झोप लागली की सिस्टर थर्मामीटर घेऊन येते, हा नियमच असावा. दर थोड्या वेळानं बोटाला सुई. पण सिस्टर गोड होती, केरळची. मला म्हणाली, "अम्मा, डोक्यावरचा रुमाल काढा, इथे कोण बघतंय?" कितीतरी दिवसांनी डोक्याला वारा लागला गं.

जेवणाचं ताट आलं. डाळ, भाजी, दही, दोन पोळ्या. पोळी मी हातात धरून उजेडात बघितली. कडा जाड, मध्ये कच्ची, कणिक मळून मुरू दिलेली नाही. मी ती परत ताटात ठेवली. आमच्या ह्यांना वाटलं, पोळी वाईट म्हणून. पण माझ्या मनात नेमच होता. साखरपाणी शुद्ध नसताना गेलं, ते देव धरणार नाही. पण शुद्धीत घास कसा मोडायचा? कार्तिकीला अजून महिना होता.

प्राची रडकुंडीला आली. "आई, तुम्हाला आमच्यापेक्षा नेम मोठा आहे का?"

तेवढ्यात कुंदा आली, डबा घेऊन. केंद्र आवरून, पीठ झटकत. सगळं ऐकून घेतलं आणि पलंगाच्या कडेला बसली.

"ताई, एक विचारू? नेम तुम्ही देवाला दिला होतात की आरशाला?"

मी ताटातली ती कच्ची पोळी उगाच फिरवत बसले.

"आमच्या भगवंतांनी पण उपाशी राहून बघितलं होतं. पोटाची कातडी पाठीला लागली, पण ज्ञान काही मिळालं नाही. मग एका बाईनं खीर दिली, ती खाल्ली. त्यांनी खाल्ली तर तुम्हाला काय धाड भरलीय?"

वैशू, मी सव्वीस वर्षं त्या बाईबरोबर पोळ्या लाटतेय, पण इतकी सरळ पोळी तिनं कधी वाढली नव्हती. मला खोटं बोलता येईना. म्हटलं, "आरशाला दिला होता गं."

पण पाणी सोडलं होतं ना देवासमोर! ते डोक्यातून जाईना. आणि मग तुझे मामा, जे चाळीस वर्षांत माझ्या कुठल्या उपासात पडले नाहीत, ते खुर्चीतून म्हणाले, "हे बघ शालू, उरलेला महिना मी करतो. आपल्याकडे चालतं, नवऱ्यानं बायकोचा नेम पुरा करायला हरकत नाही."

प्राची म्हणाली, "बाबा, तुम्ही? भाताशिवाय?"

त्यांनी आपल्या चकचकीत टकलावरून हात फिरवला. "करू दे की. माझं काय गळणार आहे?"

सिस्टरला मराठी कितपत कळलं देव जाणे, पण ती सुद्धा हसली. मी कुंदाला म्हटलं, "खीर नको, साखर आहे मला. तो डबा उघड." डब्यात तिच्या हातच्या दोन पोळ्या आणि उकडलेलं अंडं. पहिला घास तोंडात घातला आणि काय सांगू, सव्वीस वर्षं लोक आपल्याकडे रोज का येतात ते मला त्या दिवशी कळलं.

टक्कल कामी आलं

मामांनी खरंच केला बरं का महिनाभर. पण माझ्यासारखा नाही. डॉक्टरीणबाईंना विचारून, दोन वेळा डाळ-उसळ-मासे पोटभर खाऊन. रोज जेवताना माझ्या ताटातल्या वाटीभर भाताकडे असे बघायचे की मला वाटायचं, हा भात आता लाजेल. पोट जरा आत गेलं, गुडघे कमी कुरकुरायला लागले. तेव्हा लो-कार्बला मी नावं ठेवत नाही, समजलं? बाई मला म्हणाल्या ते तुला जसंच्या तसं सांगते. "पोळी कमी केलीत ते चुकलं नाही. सगळंच कमी केलंत आणि मला सांगितलं नाहीत, ते चुकलं." आणि केस काळे उगवायचं, दहा वर्षं लहान दिसायचं विचारलं, तर म्हणाल्या, "तसं आश्वासन मी तरी कुणाला देणार नाही. वजन झपाट्यानं उतरलं की चेहऱ्याची भर पण उतरते. सावकाश करा."

कार्तिकीला देवघरासमोर आम्ही दोघं बसलो. मामांनी नेम सोडला आणि दोन वाट्या भात वरण-तूप घालून खाल्ला. प्राचीनं वाढला. तिला मी त्या दिवशी म्हटलं, "माझ्या कपाटात हात घातलास ते बरं केलंस." ती म्हणाली, "परत मांजर ठेवू नका म्हणजे झालं."

काटे

गळणं लगेच थांबलं नाही, हे आधीच सांगते. अजून दोन महिने पुंजके येत होते आणि मी रोज घाबरत होते. मग एक दिवस आरशात कपाळापाशी काहीतरी उभं दिसलं. बोटभर सुद्धा नाहीत, नखाएवढे केस, ताठ, काट्यासारखे. पांढरेशुभ्र! काळा एक नाही. मी इतकी खूश झाले की ह्यांना आंघोळ अर्धी सोडून बाहेर बोलावलं.

शेपटा मी खांद्यापर्यंत कापून टाकला. गाल थोडे भरलेत. चौसष्टची होते, पासष्टची दिसते, बास झालं. दोन पोळ्या खाते, आधी डाळ-उसळ खाते, रोज चालते, साखर ताब्यात आहे. आणि तव्यावर परत उभी राहते. पहिल्या दिवशी डोक्याला कापडी टोपी घालून गेले. कुंदालाही शिवली. ती म्हणाली, "ताई, आपण दोघी सर्कशीतल्या दिसतोय." नेमके तेव्हाच प्रधानकाका आले. मधले सगळे महिने ते येतच होते, तीन पोळ्या, भाजी, ठरलेली वेळ. पुडीबद्दल एका शब्दानं कुणाला बोलले नव्हते. मी टोपी वर करून त्यांना ते काटे दाखवले.

"भुकेचे होते, काका. दुसरं काही नव्हतं."

त्यांनी वाकून ते काटे नीट बघितले. मग म्हणाले, "आज चार द्या, वहिनी."

तर वैशू, आता तू काय करायचं ते ऐक. काकडीचा डबा बंद कर, उद्या डॉक्टरकडे जा, काय खातेस, काय खात नाहीस ते सगळं सांग. आणि रविवारी इकडे ये. खाडीवरचा नवा पूल झालाय, त्यामुळे शीळफाट्याच्या ट्रॅफिकचं कारण ऐकणार नाही. ती केसांची पिशवी मी टाकलेली नाही, गंगावन पण केलं नाही. तशीच ठेवलीय, तुला दाखवायला. ती बघ, मग माझे काटे बघ, हवं तेवढं हास. नंतर तुझ्या डोक्याला तेल लावून देते आणि तव्यावरची पहिली पोळी तुझी. येशील ना? मी रविवारची कणिक चार जणांची भिजवणार आहे, माझी, मामांची, प्राचीची आणि तुझी. लवकर ये. कणिक जास्त वेळ मुरली तर सैल होते.